घराचे छप्पर आणि उन्हाचा ताप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी कोणीतरी शिकलेल्या बाईंचे व्याख्यान असते. यंदा कार्यकारिणीने असे ठरविले की, सभासद भगिनींपैकीच एकीने घरातल्याच एखाद्या विषयावर बोलावे. आणि ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. तेव्हा बोलण्यात अलंकार शोधू नका. कामापुरते बोलणार आहे, ते गोड मानून घ्यावे, ही विनंती.

विषय आहे घराच्या छपराचा. ‘जालना सोने का पालना’ असे आपल्या गावाचे कौतुक जुन्या काळापासून होत आले आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर गेला, की पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली बांधलेल्या पाळण्यात मूल दुपारभर किरकिर करते, हेही आपण पाहतोच. पुरुषमंडळी शेतात, दुकानात, कारखान्यात जातात. तिथेही ऊन आहे, नाही असे नाही. परंतु दुपारी बारापासून पाचपर्यंत घराच्या छपराखाली कोण असते? आपण असतो, आपली लेकरे असतात, बाळंतीण असते आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे असतात. छपराचे काम काढायचे ठरले म्हणजे ठेकेदाराशी बोलायला मात्र ओसरीवर पुरुषमंडळी बसतात आणि आपण चहा देऊन आत येतो. मला आज मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की, ज्या छपराखाली आपण दिवस काढतो, त्या छपराच्या बोलण्यातही आपण बसले पाहिजे. आणि बसायचे, तर त्या विषयातल्या चार गोष्टी आपल्याला ठाऊक असल्या पाहिजेत.

आधी मागचे थोडे सांगते. आपल्या मराठवाड्यात पूर्वी बहुतेक घरे माळवदाची, म्हणजे धाब्याची होती. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर हात-दीड हात मातीचा थर. दुपारी बाहेर अंगाची लाही होत असली, तरी आत आजी निवांत पडलेली असे. माती उष्णता लवकर पुढे जाऊ देत नाही आणि थर जाड, त्यामुळे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत बाहेर रात्रीचा गारवा सुटलेला असे. हे सुख खरे होते. पण त्या मातीला वजनही होते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकायची, आणि जुनी काढायची नाही. असे करता करता ओझे वाढत जाई. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि त्या वेळचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत अशी जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. आदल्याच दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. त्यानंतर लोकांनी माळवदाची धास्ती घेतली, आणि ते रास्तच होते. म्हणून ‘जुने ते सारे सोने’ असे म्हणून पुन्हा डोईवर मातीचा ढीग घ्या, असे मी सांगणार नाही. उन्हाने भाजून निघणेही नको आणि ढिगाऱ्याखाली जाणेही नको. हलके असून उष्णता अडवील, असे छप्पर कसे करावे, हा आपला प्रश्न आहे.

आता घरोघर एकतर पत्रे आहेत, नाहीतर स्लॅब आहे. स्लॅबात घालायची सळई तर आपल्या जालन्यातच तयार होते. स्लॅब मजबूत असतो, पावसाला चांगला असतो. पण उष्णतेच्या बाबतीत तो फार दुबळा आहे. भारतीय मानकांच्या तक्त्यात कोणत्या पदार्थातून किती उष्णता वाहते, याचे आकडे दिलेले आहेत. ते पाहता सळईच्या काँक्रीटमधून थर्मोकोलच्या जवळजवळ पंचेचाळीस पट उष्णता वाहते. हिशेब मांडला, तर पाच इंच जाडीचा स्लॅब उष्णता अडविण्याच्या कामी अवघ्या तीन मिलिमीटर थर्मोकोलएवढा भरतो. उलट माळवदाची दीड फूट माती त्या स्लॅबच्या दहापट अडवीत असे. आणि लोखंडी पत्रा तर काहीच अडवीत नाही म्हटले तरी चालेल.

उष्णता तीन वाटांनी येते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या तिन्ही वाटा आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतात. कढईतले लोखंडी उलथने थोड्या वेळात हाताला चटका देते, पण लाकडी मुठीचे देत नाही. पदार्थातून पदार्थात सरकणारी ही उष्णता, तिला वहन म्हणतात. भाताच्या आधणात खालचे तापलेले पाणी वर येते आणि वरचे खाली जाते, ते अभिसरण. आणि चुलीला हात न लावता नुसते समोर बसले तरी तोंडावर झळ लागते, ते प्रारण. छपराचे तसेच आहे. सूर्याची झळ वरून प्रारणाने पडते, स्लॅबातून ती वहनाने खाली उतरते आणि तापलेला स्लॅब तव्यासारखा खालच्या माणसांवर पुन्हा झळ टाकतो. म्हणूनच रात्री पंखा लावला तरी वारा गरम लागतो. पंखा गारवा निर्माण करीत नाही. छताखालची तापलेली हवाच तो खाली ढकलतो.

ही झळ अडविण्याला इंग्रजीत इन्सुलेशन म्हणतात. आपण त्याला उष्णतारोधक थर म्हणू. नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे. थंडीत गोधडी ऊब देते, ती कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे. चपात्या गरम ठेवण्याच्या डब्याच्या दोन भिंतींमध्ये फेस धरून वाळल्यासारखा हलका पदार्थ भरलेला असतो, तसाच फ्रिजच्या भिंतींतही असतो. त्याला पफ म्हणतात. थर्मोकोल, पफ, काचेची लोकर, या सगळ्यांचे मर्म एकच: बारीक बारीक कप्प्यांत हवा कोंडून ठेवायची. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गोधडी भिजली की तिची ऊब जाते. तसेच उष्णतारोधक थरात पाणी शिरले की तो निकामी होतो. म्हणून गच्चीवर घालायचा थर पाणी न पिणारा हवा. खोक्यात भरायला वापरतात तो साधा, दाणे सुटणारा थर्मोकोल तिथे चालत नाही. दाट आणि पाणी न पिणारे फळे मिळतात, त्यांना एक्स्पीएस बोर्ड म्हणतात.

दुसरी ध्यानात ठेवण्याची गोष्ट थराच्या जागेची. स्लॅबच्या घरात हा थर शक्यतो स्लॅबच्या वर बसवावा. वर बसविला तर स्लॅब मुळातच तापत नाही आणि उन्हाने फुगून-आकसून त्याला पडणाऱ्या चिराही कमी होतात. खालून छत, म्हणजे फॉल्स सीलिंग, केले तर थोडा गुण येतो. पण वर स्लॅब तापायचा तो तापतोच. भाड्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर दुसऱ्याचा हक्क असेल तेव्हा खालचाच मार्ग उरतो, हे खरे. पत्र्याच्या घराचे वेगळे आहे. पत्रा झटकन तापतो आणि झटकन निवतो, म्हणून तिथे दुपार जड जाते, तर स्लॅबखाली रात्र जड जाते. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा आणि खाली हवेला जागा ठेवून छत करावे. त्या जागेतली तापलेली हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात. नवे पत्रे घालायचे असतील, तर दोन पत्र्यांच्या मध्ये पफ भरलेले तयार पत्रेही मिळतात. मात्र स्वयंपाकघरावर उघडा थर्मोकोल लावू देऊ नये. तो पेट घेतो आणि काळा, कोंडणारा धूर सोडतो. काचेची लोकरही उघडी ठेवू नये. तिच्या कुसळांनी अंगाला खाज सुटते. आणि ज्यांच्या घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील, त्यांनी ते घासू, कापू किंवा भोके पाडू देऊ नयेत. त्यात अस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट.

आता खर्चाचा विचार. सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. ताजा पांढरा पृष्ठभाग उन्हाचे चारपैकी तीन हिस्से परत फेकतो. काळवंडलेला स्लॅब बहुतेक सारे ऊन पिऊन घेतो. स्लॅबवर चुना चालतो. होळी झाली की गच्ची झाडून धुवून घ्यावी आणि डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे पत्र्यासाठीचाच पांढरा रंग घ्यावा. गच्चीच्या खास रंगाच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकावर ‘एसआरआय’ असा आकडा लिहिलेला असतो. ठरावीक काळ्या रंगाला शून्य आणि ठरावीक पांढऱ्याला शंभर, अशी ती मोजणी आहे. आकडा शंभराच्या जितका जवळ तितका रंग चांगला. हे काम पहाटे, ऊन चढण्यापूर्वी करावे आणि पत्र्यावर चढताना खालच्या कैच्यांवर आडवी फळी टाकूनच पाय ठेवावा. आपल्याकडे धूळ फार, त्यामुळे दरवर्षी गच्ची धुणे आलेच. रंगावर धूळ बसली की त्याचा गुण निम्मा झाला असे समजा.

हे काम बायकांनी करून दाखविले आहे. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली. त्या एका महिन्यात तिथे नेहमीपेक्षा 1,344 माणसे अधिक दगावली, असे पुढे अभ्यासकांनी मोजले. त्यानंतर 2013 साली तिथल्या महानगरपालिकेने उन्हाळ्यासाठी कृती आराखडा केला. त्याच शहरात 1994 पासून ‘महिला हाउसिंग सेवा ट्रस्ट’ ही संस्था गरीब वस्त्यांतल्या बायकांबरोबर घरांचे काम करते. त्या वस्त्यांतल्या बायकांनी उष्णतेची माहिती शिकून घेतली आणि आपल्या पत्र्यांना पांढरा रंग देवविला. आपल्या शेजारच्या तेलंगणाने तर 2023 साली थंड छपरांचे सरकारी धोरणच जाहीर केले. अशा रंगाने खोलीतील तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते, असा अनुभव सांगतात. ऐकायला हा आकडा लहान वाटेल; पण ज्या घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे, त्या घराला त्याची किंमत कळते. आणि कूलरला पाणी लागते, हेही विसरू नका. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याने टँकरचे पाणी पाहिले आहे. हंड्याहंड्याचा हिशेब चालतो, तेव्हा कूलरच्या टाकीत बादल्या ओतायच्या कुठून? छप्पर थंड ठेवले तर पाणी लागत नाही आणि विजेचे बिलही येत नाही.

रंगाने भागत नसेल किंवा नवे घर बांधायचे असेल, तर मग थराचा विचार करावा. त्यासाठीही एक सरकारी माप आहे. केंद्र सरकारने 2018 साली ‘इको निवास संहिता’ काढली. छतातून उष्णता किती जाऊ द्यावी, याची तिने मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला, दर अंशाला 1.2 वॅट. आपल्या उघड्या पाच इंची स्लॅबमधून त्याच्या सुमारे तिप्पट जाते. पण त्यावर एक इंच जाडीचा चांगला, कोरडा, पाणी न पिणारा थर नीट बसला, तर घर त्या मर्यादेत येते. दोन इंच बसला तर आणखी उत्तम. म्हणजे बघा, भगिनींनो, दीड फूट मातीचे काम एका इंचात होते आणि वजन जवळजवळ काहीच नाही. उलट कोणी गच्चीवर सहा इंच माती टाकून बाग करा म्हणाले, तर आधी हिशेब करा: दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेवर सहा इंच कोरडी माती दोन टनांहून अधिक भरते, आणि पाणी घातले की आणखी वाढते. तेव्हा इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते करू नये.

आता ठेकेदार. आपल्याकडे या कामाला येणारे पुष्कळ जण मुळात वॉटरप्रूफिंगवाले असतात. त्यात वाईट काही नाही, पण पाणी अडविणे आणि उष्णता अडविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. काळे डांबरी कापड अंथरून ‘घर थंड होईल’ असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. काळे कापड गळती थांबवील, पण घर अधिकच तापवील. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: ‘भाऊ, तुम्ही जे घालणार, ते पाणी अडविते की उष्णता? दोन्ही असेल तर कोणता थर कशासाठी?’

दुसरे असे की, फोनवरून भाव ठरवू नये. त्याला गच्चीवर न्यावे, आपणही जावे. कोणत्या खोलीत, किती वाजता अधिक तापते, हे त्याला आपणच सांगू शकतो. बाकीची मंडळी त्या वेळी घरात नसतात. पाण्याची टाकी, सोलर बंब, डिश अँटेना यांचे पाय जिथे ठोकले आहेत, तिथे थर कसा बसवील, हे विचारावे. गळती बहुधा तिथूनच होते.

तिसरे, निदान तीन जणांकडून भाव लेखी घ्यावा आणि तो एकाच नमुन्यात मागावा. पदार्थाचे नाव काय, बनविणारी कंपनी कोणती, जाडी किती मिलिमीटर, घनता किती, क्षेत्रफळ किती, वरून फरशी किंवा कोबा कोणता, उतार कोण देणार आणि राडारोडा कोण उचलणार, इतके त्यात यावे. हे नसेल तर दोन भावांची तुलना करता येत नाही. एकाचा भाव कमी दिसतो, तो पुष्कळदा जाडी कमी असल्यामुळे. क्षेत्रफळ आपणच मोजावे. साडी मोजणाऱ्या बाईला गच्ची मोजणे अवघड नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरले आहे, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. तेवढ्या छपरासाठी कोणी 350 फुटांचा हिशेब लावला, तर बाकीचे 80 फूट कुठे आहेत, हे विचारायला नको का?

चौथे, कामाचा क्रम. आधी गच्ची साफ करून चिरा बुजवायच्या आणि उतार द्यायचा. मग पाणी अडविणारा थर द्यायचा. तो वाळल्यावर गच्चीची तोंडे बंद करून पाणी भरायचे, ते दोन दिवस तसेच ठेवायचे आणि खाली ओल येते का ते पाहायचे. ही परीक्षा झाल्याशिवाय पुढचा थर घालू देऊ नये, कारण एकदा वर फरशी बसली की गळती कुठे आहे ते सापडत नाही. त्यानंतर उष्णता अडविणारे फळे एकमेकांना भिडवून बसवायचे, मध्ये फट ठेवायची नाही, आणि शेवटी वर कोबा किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे. हे काम दिवाळीनंतर काढावे; पावसाळ्यात काढू नये.

पाचवे, पैसे. सगळे पैसे आधी देऊ नयेत आणि गरीब मजुराचे अडवूही नयेत. माल घरी आल्यावर काही, पाण्याची परीक्षा झाल्यावर काही, काम संपल्यावर काही, आणि थोडा हिस्सा पहिला चांगला पाऊस होऊन जाईपर्यंत राखून ठेवावा. हे आरंभीच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. गॅरंटी तोंडी नको. किती वर्षे, कशाची आणि कोण देणार, हे लिहून घ्यावे. पावती पक्की घ्यावी.

माल आला की आपल्या हाताने मोजावा, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या सासूबाई अर्धांगाच्या आजाराने तीन वर्षे मधल्या खोलीत अंथरुणावर आहेत. त्यांना अंगणात निजविणे जमत नाही आणि त्या खोलीवर थेट उघडा स्लॅब. रात्री त्यांची पाठ घामाने भिजून कातडे सोलवटायचे, म्हणून आम्ही गच्चीचे काम काढले. पन्नास मिलिमीटर जाडीचे फळे ठरले होते. टेम्पो आला, तेव्हा मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन खाली गेले आणि फळा मोजला, तर तो तीस भरला. ठेकेदार म्हणाला, ‘वहिनी, हेच सगळीकडे वापरतात, भाऊंशी बोलणे झालेय.’ मी लिहिलेला कागद पुढे ठेवला आणि सांगितले की, भाऊंशी झालेले बोलणे यात लिहिले आहे आणि त्यात पन्नासच आहे. घरातल्यांनाही आधी माझे गच्चीवर जाणे-येणे रुचले नव्हते. पण कागद आणि पट्टी समोर आल्यावर कोणी काही बोलले नाही. माल परत गेला आणि चौथ्या दिवशी ठरलेला आला. काम झाल्यावर त्याने ते नीट केले, हेही सांगितले पाहिजे. शेजारच्या तशाच उघड्या स्लॅबच्या खोलीत आणि आमच्या मधल्या खोलीत आम्ही रात्री नऊ वाजता एकच तापमापक टांगून पाहिला, तर तीन अंशांचा फरक पडला. सासूबाई आता रात्री दोन-दोनदा पाणी मागत नाहीत, झोपतात. पफ फवारून घ्यायचा असेल, तर पट्टी चालत नाही. तिथे स्वेटर विणायची सुई पाच-सात ठिकाणी टोचून किती खोल जाते ते पाहावे आणि ते भोक लगेच भरून घ्यावे. सुई आपल्या हातातली आहे, तिला कोणी नाही म्हणणार नाही.

‘घर दहा अंश थंड करून देतो’ असे जो म्हणेल, त्याला विचारावे की, कुठे मोजणार? गच्चीच्या पृष्ठभागावर दहा-पंधरा अंशांचा फरक सहज दिसतो. खोलीत तेवढा पडत नाही. आपण राहतो खोलीत.

इतके करूनही कोणी फसविले, तर गप्प बसू नये. आधी लेखी कळवावे. नंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, आपण जिथे राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील, तर फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार केली पाहिजे आणि हाताशी कागद पाहिजेत: भावपत्र, पावती, फोटो. म्हणून मी मघापासून ‘लिहून घ्या, लिहून घ्या’ असा घोष लावला आहे.

आणि सगळ्यांनाच हा खर्च झेपणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या भगिनींनी निदान एवढे करावे. मावळतीच्या भिंतीला सावली करावी. दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल मांडवावर चढविला तर सावलीही मिळते आणि भाजीही. सकाळी ऊन चढण्यापूर्वी दारे-खिडक्या झाकाव्यात आणि रात्री पूर्ण उघडाव्यात. पत्र्यावर हातभर अंतर सोडून हिरवी जाळी बांधावी. पाचट किंवा तुराट्या मात्र पत्र्यावर पसरू नयेत. एका ठिणगीने अनर्थ होतो.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक, मंडळाने दोन साधे तापमापक विकत घ्यावेत आणि ते उन्हाळ्यात घरोघर आठ-आठ दिवस फिरवावेत. दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजताचा आकडा सभासद भगिनीने वहीत लिहावा, छप्पर कशाचे तेही लिहावे. वर्षभरात आपल्याच गावाची माहिती आपल्याच वहीत तयार होईल आणि ठेकेदाराच्या तोंडच्या आकड्यावर कोणाला अवलंबून राहावे लागणार नाही. दुसरी, ज्यांना काम काढायचे आहे अशा चार-पाच घरांनी एकत्र येऊन भाव मागावा. भाव कमी होतो तो होतोच. शिवाय एकटीला विचारायला जो संकोच वाटतो, तो चौघींना वाटत नाही. ज्या घरात तान्हे मूल किंवा अंथरुणावरचे माणूस आहे आणि पैशाची अडचण आहे, त्या घराच्या गच्चीला होळीनंतर मंडळाने श्रमदानाने चुना द्यावा. चुना, डिंक आणि चार कुंचे, एवढेच लागेल. बाकी हात आपले आहेतच.